रांग न सोसणारे साहेब

कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला कच्चं दूध सोसत नाही. आमच्या साहेबांना रांग सोसायची नाही. चार माणसं एकामागे एक उभी दिसली की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागे. मग ते केबिनमधून उठत, खांद्यावरचा नॅपकिन हातात घेत आणि माश्या हाकाव्यात तसा हवेत फिरवत बाहेर येत. “काय आहे? कशाला उभे आहात सगळे?” बँकेत माणसं कशाला उभी असतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेबांना मात्र तो प्रश्न रोज नव्याने पडे.

मी त्या शाखेत रोखपाल होते. नगरहून रोज एसटीने जाऊन-येऊन नोकरी करायचे. गाव सोनईच्या अलीकडचं. उसाचं आणि दुधाचं, म्हणून पैशापाण्याचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. साहेब आमच्याकडे मॅनेजर होऊन आले, आणि पहिल्याच बाजाराच्या दिवशी माझ्या खिडकीपासून दाराबाहेरच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेलेली रांग पाहून केबिनमध्ये जाऊन पाणी प्यायले.

स्वतः ते कधीच कुठल्या रांगेत उभे राहत नसत. गाडीला गर्दी असली तर गाडी सोडून द्यायचे. देवाला गेले तर बाहेरूनच कळसाला हात जोडायचे आणि “पोचला नमस्कार” म्हणून परत फिरायचे. लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचे. तेव्हा आमच्याकडे ताट हातात घेऊन उभ्याने जेवायची नवी फॅशन येऊ लागली होती. तशा एका लग्नातून ते उपाशी परतले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली. घरचं रॉकेल कोण आणतं, असं मी एकदा खवचटपणे विचारलं, तर म्हणाले, “आमच्या मंडळी खमक्या आहेत.”

एवढा तिटकारा कशाचा, हे विचारलं की उत्तर दर वेळी वेगळं. कधी म्हणायचे, लहानपणी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडलो होतो. कधी म्हणायचे, दुष्काळात सुकडीच्या रांगेत माझा नंबर आला आणि पातेलं संपलं. एकदा तर म्हणाले, “मॅडम, मुंग्यांना काही काम नसतं म्हणून त्या रांगेत चालतात.” मुंग्यांना काम नसतं हे मी प्रथमच ऐकत होते.

आल्या आल्या त्यांनी सुधारणा सुरू केल्या. पितळी टोकनं आमच्याकडे आधीपासूनच होती. नंबर पुकारला की यायचं, तोवर बसायचं, हा त्यांचा हेतू. पण लोक टोकन मुठीत धरून रांगेतच उभे राहत. साहेबांनी हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या मांडल्या. लोकांनी खुर्च्यांवर पिशव्या, दुधाच्या किटल्या आणि एकदा एक कोंबडी ठेवली, आणि स्वतः पुन्हा रांगेत उभे राहिले. “अहो, टोकनावर नंबर आहे ना तुमचा?” साहेब काकुळतीला येऊन म्हणाले. फेट्यातल्या एका म्हाताऱ्याने त्यांची समजूत घातली, “नंबर पितळंवर हाय सायेब, पर मानूस लाईनीत पायजे. पितळंचा काय भरवसा?”

शेवटी त्यांनी नाद सोडला आणि शोध सुरू केला. एका बाजाराला ते रांगेच्या शेवटापासून एकेकाला विचारत पुढे आले. त्यातून कळलं की निम्म्या लोकांचं बँकेत कामच नव्हतं. कोणी मेहुण्याबरोबर आला होता, कोणी शेजाऱ्याबरोबर. एकाचं तर आमच्याकडे खातंच नव्हतं. “मंग हे उभं कशापायी?” साहेबांची भाषासुद्धा रागाच्या भरात गावाची झाली. तो माणूस शांतपणे म्हणाला, “ह्यो पैसं काढनार, तवा कुनी बगाय नको? चार मानसांत घेतलेला पैसा बरा असतो. उद्या बायकू म्हनली, कमी आनलं, तर म्या हाय ना सांगाया.”

साहेबांनी त्या दिवशी जेवताना मला सांगितलं, “मॅडम, ही रांग नाही. ही साक्ष आहे.” आणि पुढचा घास घेता घेता म्हणाले, “पण मोडली पाहिजे.”

मोडायचं हत्यार त्यांना अचानक सापडलं. आमच्या बँकेने नगरच्या एका शाखेसाठी पैसे देणारं यंत्र घेतलं होतं. त्या शाखेच्या जागेचा वाद कोर्टात गेला आणि यंत्र खोक्यातच पडून राहिलं. साहेबांनी वरच्या ऑफिसात इतक्या चकरा मारल्या की तिथल्या लोकांनी कंटाळून ते आमच्या गावाला देऊन टाकलं. उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्याला तोंड करून, ओसरीवर काचेची खोली उभी राहिली. यंत्राला हार घातला, नारळ फोडला. नारळाच्या आधी फरशी फुटली. साहेब मुलीच्या बापासारखे घामाघूम होऊन सगळ्यांना पेढे वाटत होते.

पहिला मान गावातल्या एका वयोवृद्ध, निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींना दिला. गुरुजींनी चपला बाहेर काढल्या. कार्ड घातलं, साहेबांनी समजावलेली बटणं बरोबर दाबली. घर्र आवाज झाला आणि नोटा बाहेर आल्या. गुरुजींनी लक्ष्मीला हात जोडले, डोळे मिटले आणि उभे राहिले. त्यांचं नेहमीचं असं होतं; माझ्या खिडकीवरही ते आधी नमस्कार करत आणि मग मी नोटा त्यांच्या ओंजळीत ठेवत असे. यंत्राला कुठली आली ओंजळीची रीत! त्याने थोडी वाट पाहिली आणि नोटा परत आत ओढून घेतल्या.

गुरुजींनी डोळे उघडले. काचेबाहेर सगळं गाव उभं होतं. कोणीतरी म्हणालं, “आरारा, दिलेलं माघारी घेतंय की हे!”

झालं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या यंत्राची गत झाली. गुरुजींचे पैसे साहेबांनी त्याच दिवशी हिशोब लावून परत दिले, पण गावात एकच गोष्ट फिरली: बँकेनं एक कपाट आणलंय, ते दिलेलं माघारी घेतं. माझ्या खिडकीपुढची रांग लिंबाच्या झाडाच्याही पुढे गेली.

साहेब हार मानणाऱ्यांतले नव्हते. बाजारात भोंग्यावरून यंत्राची माहिती सांगून झाली. आम्हा कर्मचाऱ्यांना चहाचे पैसेसुद्धा यंत्रातून काढायची सक्ती झाली. लोकांना साक्षीदार हवा ना, मग साहेब स्वतः काचेच्या खोलीत जाऊन उभे राहायला लागले. पण गुप्त नंबर बघायचा नाही, हा बँकेचा नियम. म्हणून ते भिंतीकडे तोंड करून, नॅपकिन डोळ्यांवर धरून उभे राहत आणि विचारत, “आले का? मिळाले का?” रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटे, बँकेने कुणाला तरी शिक्षाच केली आहे. तरीही गिऱ्हाईक येईना.

आणि मग सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी टोचलेलं, बाकीच्या निम्म्यांना जन्माला घातलेलं. त्यांचा पगार आमच्याकडे जमा व्हायचा. पगाराच्या दिवशी त्यांचे थोरले दीर, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, बाकावर येऊन बसत. सिस्टर रांगेतून खिडकीपाशी आल्या की मी पैसे द्यायचे, सिस्टर तिथेच ते आप्पांच्या हातात ठेवायच्या, आणि आप्पा त्यातली एसटीच्या भाड्यापुरती नोट त्यांना परत द्यायचे. सिस्टरचे यजमान गरीब गायच होते. घरातलं सगळं थोरल्या भावाच्या हातात. हे सगळं चार माणसांत व्हायचं. चारी माणसं बघायची आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. खरं सांगते, मलाही सवय झाली होती.

त्या दिवशी सिस्टर पोलिओच्या डोसाची जाहिरात भिंतीवर चिकटवायला म्हणून आल्या. काम संपायची वेळ होती. जाहिरात चिकटवून त्या साहेबांना म्हणाल्या, “साहेब, त्या मशिनीतून पैसे काढले तर कुणाला कळतं का?”

“कोणालाही नाही!” साहेब खुर्चीतून उडालेच. आंधळा मागतो एक डोळा, अशी त्यांची स्थिती. “कोणालाही कळत नाही सिस्टर, हेच तर…” आणि मग त्यांनी सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि केबिनचं दार लोटून घेतलं.

सिस्टरची मुलगी नगरला मामाकडे राहून बारावीला होती. हुशार होती. तिला औषधशास्त्राच्या कॉलेजला जायचं होतं. आप्पांनी मात्र बारावीनंतरचं स्थळ बघून ठेवलं होतं. क्लासची फी मामा आजवर भरत आला, पण त्याचंही हातावर पोट. “मला दर महिन्याला थोडे पाहिजेत साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “माझेच. खिडकीवर काढले तर संध्याकाळपर्यंत घरात कळतं. आप्पा वाईट न्हाईत. पर पोरगी शिकून काय करनार, असं त्यांना मनापासून वाटतं. मनापासून वाटनाऱ्याशी भांडता येत न्हाई.”

साहेबांनी त्यांचं वेगळं खातं उघडून दिलं. पगारातला थोडा भाग त्यात जाऊ लागला. घरी सिस्टरनी सांगितलं, कपात वाढली. तोवर सगळं ठीक.

पण पहिल्यांदा सिस्टर काचेच्या खोलीत गेल्या तेव्हा काय झालं? समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. रसवाल्याने गुऱ्हाळाचं चाक थांबवलं. माझ्या खिडकीपुढची अख्खी रांग मान वळवून बघू लागली. “सिस्टर कपाटात गेल्या!” दुपारच्या आत आप्पांना कळलं. सिस्टरनी कसंबसं निभावलं. म्हणाल्या, साहेबांनी दवाखान्याच्या लोकांना मशीन शिकायला बोलावलं होतं.

ते निभवायला साहेबांनी दुसऱ्या दिवशी खरंच सगळ्या दवाखान्याला बोलावलं. पण संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसले. मग म्हणाले, “मॅडम, ज्या यंत्रात एकच बाई जाते, ते यंत्र गुप्त नाही. ती तर दवंडी झाली.” थोड्या वेळाने म्हणाले, “तिथे गर्दी पाहिजे.” आणखी थोड्या वेळाने, अगदी पडलेल्या आवाजात, “तिथे रांग पाहिजे हो.”

ज्या माणसाने जन्मभर रांग मोडायचं व्रत घेतलं होतं, त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं तेव्हा मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

रांग कशी लावायची हे मात्र त्यांना बरोबर सुचलं. लग्नसराई तोंडावर होती. आहेराला कोरी नोट द्यायची, ओटीत कोरी नोट घालायची, ही आमच्याकडे हौस. कोऱ्या नोटेसाठी लोक माझ्या खिडकीवर अक्षरशः गयावया करत. साहेबांनी हुकूम काढला: कोऱ्या करकरीत नोटा फक्त यंत्रात. खिडकीवर मळक्या. मी म्हटलं, “साहेब, लोक मला शिव्या देतील.” ते म्हणाले, “खा की थोड्या शिव्या. मीही खातो.”

आठवडाभरात काचेच्या खोलीपुढे माणसं दिसू लागली. आधी नवरदेवाचे बाप आले, मग मामा आले, मग आहेरवाले. एकाला यंत्र चालवता आलं की तो मागच्या चौघांना शिकवी. आणि शिकवताना गुरुजींची गोष्ट सांगे, “हात जोडू नका, आदी उचला, मंग जोडा!” रांग ओसरीवरून उतरली, रसवाल्यापर्यंत गेली. त्या रांगेत दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतल्या सिस्टर उभ्या असत, पुढेमागे दहा माणसं, आणि कोणी ढुंकूनही बघत नसे.

साहेब केबिनच्या खिडकीतून ती रांग बघत बसायचे. रांग फार लवकर सरकते असं वाटलं तर चक्क अस्वस्थ व्हायचे. आमचा शिपाई मला म्हणाला, “बाई, सायबास्नी काई झालंय का? काल मला म्हनलं, जा, जरा लाईनीत हुबा ऱ्हा.”

नगरहून तपासणीला आलेले एक अधिकारी तर चक्रावलेच. “रांग जावी म्हणून यंत्र दिलं, आणि तुमच्याकडे यंत्रापुढेच रांग?” साहेब मान खाली घालून म्हणाले, “लोकांना आवडतं साहेब.” त्यांच्या अहवालात आमच्या साहेबांविषयी बरं लिहिलं गेलं नाही. बढतीची वाट पाहत होते, ती त्या वर्षी हुकली. कारण सांगून ते सहज सुटले असते. पण त्यांनी ते सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. पुढे त्यांची बदली झाली, आणखी पुढे ते यंत्रही आमच्याकडून उचलून नगरला गेलं. मला आठवतात ते साहेब मात्र त्या जून महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवसाचे.

बारावीचा निकाल लागला होता. मुलीला नगरच्याच कॉलेजात जागा मिळाली, आणि पहिली फी एकदम भरायची होती. मुदत त्याच दिवशी संपत होती. यंत्रातून एका दिवसात एका मर्यादेपर्यंतच पैसे निघायचे. त्यात फी भागणार नव्हती. सिस्टर सकाळीच केबिनमध्ये आल्या. साहेब म्हणाले, “तुम्ही इथेच बसा. मी आतल्या आत व्यवस्था करतो. कोणाला दिसणार नाही.”

सिस्टर उभ्याच राहिल्या. “न्हाई साहेब,” त्या म्हणाल्या. “लपवून भरलेली फी उद्या चोरी म्हनतील. पोरीला आयुष्यभर ऐकावं लागंल. आज चार मानसांतच काढते.”

आणि त्या जाऊन माझ्या खिडकीच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग बाजाराची, लांबलचक. तासाभराने त्यांच्यापुढे दोघंतिघं उरले असतील, तेव्हा मी मान वर केली आणि नोटा मोजायची थांबले. रांगेत मागे, दारापाशी, आप्पा उभे होते. उसाच्या पेमेंटसाठी आले होते बिचारे, आणि बराच वेळ उभे असावेत. त्यांनी नेमकी तेव्हाच पुढे मान काढली आणि सिस्टरना पाहिलं.

“अगं, तू हितं काय करती? आज कुठं पगार हाय?”

सिस्टर वळल्या. आवाज हॉलभर ऐकू गेला. “पोरीच्या कॉलेजची फी काढते, आप्पा. माझ्या पगारातली हाय. आजच भरायचीय.”

आप्पांचा चेहरा लाल झाला. मागच्याला “जागा धरा” म्हणून ते तरातरा पुढे आले. त्याबरोबर रांगेतून एकच गिल्ला झाला. “ओ आप्पा, मदी कुठं?” “सकाळधरनं आमी काय येडे म्हनून हुबे हाओत का?” आप्पा ओरडले, “पैसं न्हाई काढायचं मला! घरातलं बोलायचंय!” तो फेट्यातला म्हातारा म्हणाला, “घरातलं घरी बोला. हितं लाईन हाय.”

आमच्या गावात दुसऱ्याच्या संसारात कोणी तोंड घालत नसे. इतकी वर्षं कोणी घातलंही नव्हतं. पण रांगेत मध्ये घुसणाऱ्याला तिथे लहान पोरानेही सोडलं नसतं. आप्पा चरफडत मागे आपल्या जागेवर गेले.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. नॅपकिन फिरवला नाही, कोणाला काही बोलले नाहीत. सिस्टरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला हात जोडून म्हणाले, “दादा, मला इथे उभं राहू द्याल?” तो बघतच राहिला आणि मागे सरकला. आणि आमचे साहेब, आयुष्यात पहिल्यांदा, रांगेत उभे राहिले.

मी सिस्टरना पैसे दिले. त्यांनी पिशवीत घातले, पिशवी छातीशी धरली आणि दाराकडे चालू लागल्या. बाहेर नगरची गाडी येऊन उभी होती. आप्पांशेजारी येताच त्या थांबल्या. “आप्पा, फी भरून संध्याकाळच्या गाडीनं येते. जेवायला वाट बघा.” आप्पांनी एक पाय रांगेबाहेर टाकला. मागचा माणूस ताबडतोब पुढे सरकला. आप्पांनी त्या माणसाकडे पाहिलं, सिस्टरच्या पाठीकडे पाहिलं, माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खिडकी बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. रांग हलून आपला नंबर कधी येतो, यात त्यांचा जीव अडकला होता. त्यांनी पाय परत आत घेतला.

आणि खिडकीत साहेब होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “शंभर रुपये काढायचेत. सुट्टे द्या. चिल्लर असेल तर उत्तम.”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि कपाटातली नाण्यांची थैली बाहेर काढली. साहेब नाणी मोजू लागले. मध्येच चुकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक नाणं खाली पडलं, ते वाकून शोधू लागले. मागे कुरबुर सुरू झाली. “काय सायेब, लवकर उरका की!” “सोताच्या ब्यांकेत सोताच लाईन आडवून हुबे!” “ह्यांनाच म्हनं लाईन आवडत न्हाई!” त्या सगळ्यांत आप्पांचा आवाज सर्वांत मोठा होता. साहेबांची मान लाल झाली होती, घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता, पण बोटं कूर्मगतीने चालली होती. मला त्या माणसाविषयी इतकी माया दाटून आली की मीसुद्धा उगीच एक नाणं जास्त दिलं आणि परत मागितलं.

बाहेर कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी सुटल्याचा आवाज आला, मग तो बाजाराच्या गलबल्यात दूर गेला. साहेबांनी चिल्लर नॅपकिनमध्ये बांधली, रांगेकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, “माफ करा मंडळी, सवय नाही हो मला.”